उबुंटूवर बांधलेला प्रोग्राम ग्राहकाच्या लिनक्सवर का अडतो?

नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचा सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्राम पीएलसीकडून (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाकडून) मॉडबस या औद्योगिक संवादपद्धतीवर आकडे घेतो, कॅमेऱ्याचा फोटो जोडतो, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि एचटीटीपीएसवरून मुख्य कार्यालयाला अहवाल पाठवतो. बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल (बायनरी) बांधणं, लॅपटॉपवर होतं, उबुंटू २२.०४ वर, आणि तिथे सगळं सुरळीत चालतं. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स आहे, तिथे ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ येतं. सिन्नरच्या कारखान्यात रॉकी लिनक्स ९ आहे, तिथे लिबजेपीईजी.एसओ.८ ही फोटोची लायब्ररी (तयार कोडची फाइल) सापडत नाही. दिंडोरीजवळच्या वायनरीत अल्पाइन लिनक्सचा कंटेनर (स्वतःच्या फाइलींसह वेगळी चालणारी बंदिस्त जागा) आहे. तिथे फाइल डोळ्यांसमोर असताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणतं. लॅपटॉपवरची लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) सातपूरला नेऊन, लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथ लावून पाहिला, तर त्या टर्मिनलमध्ये साधी एलएस कमांडसुद्धा क्रॅश होऊ लागली. आता ग्राहकाला लिनक्स अपग्रेड करायला सांगायचं, की सगळं स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी बायनरीच्या आतच घालून, बांधायचं? आणि जाता जाता लिहिलं आहे की सिन्नरचा डेटाबेस जुन्या सेंटओएस सर्व्हरवरून नव्या रॉकीवर डेटा फोल्डर कॉपी करून हलवणार आहोत.

तुम्ही सुचवलेले दोन्ही मार्ग नकोत. बिल्ड कुठे करता ते बदला, आणि सोबत काय न्यायचं ते ठरवा. डेटाबेसबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे, पण या चार गोष्टींत मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. त्याकडे शेवटी येतो.

सातपूरचं आधी घेऊ, कारण मूळ मुद्दा तिथेच आहे. जीलिबसी ही सगळ्यांच्या खाली असलेली लायब्ररी. फाइल उघडा, मेमरी मागा, थ्रेड सुरू करा, सगळं तिच्यातून जातं. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ आहे, म्हणजे डिसेंबर २०१२ ची. तुमच्या उबुंटूत २.३५ आहे. जीलिबसीची हमी एकाच दिशेची आहे: जुन्या आवृत्तीवर बांधलेलं नव्यावर चालेल. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेल असं तिने कधीच म्हटलेलं नाही. ही हमी पाळायची व्यवस्था १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून आहे. प्रत्येक फंक्शनच्या नावासोबत आवृत्तीची खूण असते, आणि एकाच फंक्शनचं जुनं व नवं रूप एकाच लायब्ररीत शेजारी शेजारी राहतं. जुनी बायनरी जुनं रूप मागते, नवी नवं.

याची गरज किती खरी आहे ते मेमरीतला डेटा कॉपी करणाऱ्या मेमसीपीवाय या फंक्शनच्या प्रकरणात दिसलं. २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरू लागला. जीलिबसीत मेमसीपीवाय नव्या प्रोसेसरसाठी वेगवान केलं होतं आणि कॉपी करण्याचा क्रम बदलला होता. फ्लॅशचा कोड एकमेकांवर चढणाऱ्या मेमरीच्या जागांवर हे फंक्शन वापरत होता. नियमाने ते चूक, पण इतकी वर्षं निभून जात होतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या बगच्या चर्चेत उतरले आणि वापरणाऱ्याचं चाललेलं मोडू नका, अशी बाजू घेतली. शेवटी २.१४ मध्ये मेमसीपीवायला नवी खूण दिली, आणि जुन्या बायनरींसाठी चढणारी जागा सांभाळणारं रूप जुन्या खुणेखाली ठेवलं. जुने प्रोग्राम वाचले. पण त्या दिवसापासून नव्या सिस्टिमवर बांधलेला, मेमसीपीवाय वापरणारा प्रत्येक प्रोग्राम किमान २.१४ मागू लागला. जुन्यांना सांभाळण्याची किंमत नेहमी अशीच, नव्याने बांधणाऱ्याकडून वसूल होते.

तुमच्या बाबतीत २.३४ च का मागितलं? तुम्ही कोडमध्ये नवं काहीही वापरलेलं नाही, हे मला मान्य आहे. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये लिबपीथ्रेड, लिबडीएल वगैरे वेगळ्या असलेल्या लायब्ररी मुख्य लिबसीतच विलीन झाल्या. त्याच वेळी मेन, म्हणजे प्रोग्रामचं मुख्य फंक्शन, सुरू करून देणाऱ्या आतल्या फंक्शनलाही नवी खूण मिळाली. त्यामुळे २.३४ किंवा पुढच्या जीलिबसीवर नेहमीसारखा बांधलेला, अगदी रिकामा मेन असलेला प्रोग्रामही २.३४ मागतो. कोड कितीही जुन्या वळणाचा असला तरी सुटका नाही. हे समजलं की कोडमध्ये दोष शोधण्यात दिवस जात नाहीत.

तुमची बायनरी काय मागते ते बघायला ऑब्जडम्प या कमांडला मोठा टी पर्याय द्या, त्यातल्या जीलिबसी असलेल्या ओळी ग्रेपने काढा आणि आवृत्तीनुसार सॉर्ट करा. शेवटच्या ओळीत जो आकडा, ती तुमची किमान गरज. असंच जीलिबसीएक्सएक्ससाठी करा. तो सी++ च्या लायब्ररीचा आकडा. सेंटओएस ७ च्या जीसीसी ४.८ सोबत तो ३.४.१९ पर्यंतच जातो. तुमच्या उबुंटूत ३.४.३० पर्यंत आहे. म्हणजे जीलिबसीचा अडथळा कसाबसा ओलांडला असता तरी लगेच पुढे हा दुसरा उभा होता.

आता लिबसी कॉपी करण्याबद्दल. हे पुन्हा करू नका, आणि ग्राहकाच्या मशीनवर तर मुळीच नाही. लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा) आणि लिबसी ही एकाच बिल्डमधून निघालेली जोडी असते. त्यांच्यातला आतला व्यवहार खाजगी असतो, तो आवृत्तीगणिक बदलतो आणि त्याला कसलीही हमी नसते. लोडरचा पत्ता बायनरीत पक्का लिहिलेला असतो, त्यामुळे एलडी_लायब्ररी_पाथने तुम्ही जोडीतली फक्त लिबसी बदललीत. सातपूरच्या २.१७ च्या लोडरने २.३५ ची लिबसी उचलली, आणि त्या टर्मिनलमधून सुरू होणारी प्रत्येक कमांड कोसळली. टर्मिनल बंद केलं की हे निस्तरतं, म्हणून तुम्ही वाचलात.

याच्या पुढची पायरी फार वाईट आहे. कुणीतरी रूट होऊन लिब६४ मधली लिबसी.एसओ.६ ची सिमलिंकच (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) नव्या फाइलकडे वळवतं. त्यानंतर एलएस नाही, सीपी नाही, नवं लॉगिन नाही, एसएसएचने आत शिरणं नाही. असं मशीन समोर आलं तर पहिला नियम: उघडं असलेलं रूटचं टर्मिनल बंद करू नका. जीलिबसीसोबत एसएलएन नावाची एक छोटी कमांड येते. ती स्टॅटिक बांधलेली असते आणि तिचं काम फक्त सिमलिंक करण्याचं. तिने लिबसी.एसओ.६ परत लिबसी-२.१७.एसओ कडे वळवा. ती नसेल तर एलडी_प्रीलोडमध्ये जुन्या लिबसीचा पूर्ण पत्ता देऊन एलएन चालवून बघा. तेही नाही जमलं तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करून डिस्क माउंट करा आणि लिंक दुरुस्त करा. पाळी चालू असताना हे करायची वेळ ग्राहकावर येऊ नये, म्हणून इतकं सविस्तर सांगतो आहे.

खरा उपाय असा: ज्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर चालवायचं आहे, तिच्यावर बांधा. त्यासाठी सेंटओएस ७ चं वेगळं मशीन लागत नाही, लॅपटॉपवर कंटेनर पुरतो. पायथनवाल्यांनी नेमका हाच प्रश्न मेनीलिनक्स नावाने सोडवला आहे. मेनीलिनक्स२०१४ ही त्यांची तयार प्रतिमा (कंटेनरचा साचा) सेंटओएस ७ वर बेतलेली आहे, म्हणजे जीलिबसी २.१७, आणि सोबत जीसीसी १०. तुमचा प्रोग्राम पायथनचा नसला तरी बिल्डसाठी ती प्रतिमा उत्तम. त्यातला कंपायलर रेड हॅटच्या डेव्हटूलसेटमधला आहे आणि त्याची एक खुबी कामाला येते: सी++ च्या लायब्ररीचा जो नवा भाग जुन्या सिस्टिमवर नसतो, तेवढाच तो तुमच्या बायनरीत स्टॅटिक जोडतो. बाकीचं सिस्टिममधल्या जुन्या लायब्ररीकडून घेतो. म्हणजे सी++१७ लिहा, आणि बायनरी सातपूरच्या ३.४.१९ वर चालवा.

एक गोष्ट मात्र पाळावी लागेल. जीसीसी ५ पासून, म्हणजे २०१५ पासून, सी++ च्या स्ट्रिंग आणि लिस्टचा मेमरीतला आराखडा बदलला. जुना आणि नवा असे दोन्ही एबीआय (बायनरींनी एकमेकींशी जुळण्याचे नियम) एकाच लायब्ररीत असतात. सेंटओएस ७ वरचा डेव्हटूलसेट जुनाच एबीआय वापरतो, तुमचं उबुंटू नवा. त्यामुळे लॅपटॉपवर आधी बांधून ठेवलेली सी++ लायब्ररी या कंटेनरमध्ये आणून जोडलीत तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या ओळींची रांग लागेल, आणि त्या नावांमध्ये सीएक्सएक्स११ ही अक्षरं दिसतील. ते दिसलं की समजायचं, दोन घरच्या वस्तू एकत्र आल्या. सी++ मधली प्रत्येक लायब्ररी त्याच कंटेनरमध्ये नव्याने बांधा. कंटेनरमध्ये यम या कमांडने काही इन्स्टॉल करताना पत्ते मिळाले नाहीत तर रिपॉझिटरी व्हॉल्टकडे, म्हणजे जुन्या पॅकेजांच्या साठ्याकडे, वळवलेली आहे ना ते बघा, कारण सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि मूळ मिरर तेव्हा बंद झाले.

मग सातपूरला अपग्रेड सांगायचंच नाही का? सांगा, पण तुमचा प्रोग्राम चालावा म्हणून नव्हे. सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं मशीन कारखान्याच्या नेटवर्कवर आहे, हे कारण पुरेसं आहे आणि ते तसंच स्पष्ट सांगावं. फक्त त्याआधी त्या पीसीचा प्रोसेसर बघा. रॉकी ९ ला किमान एक्स८६-६४-व्ही२ पातळी लागते. कोअर २ ड्युओचा पीसी असेल, आणि वर्कशॉपमध्ये तो अजूनही असतो, तर जीलिबसी सुरुवातीलाच ‘सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’ म्हणून थांबते. तिथे डेबियन १२ घालता येतं, ते जुन्या ६४ बिट प्रोसेसरवरही चालतं. आणि तुमच्या मेकफाइलमध्ये मार्च-नेटिव्ह असेल तर तो आजच काढा. त्याने लॅपटॉपच्या प्रोसेसरचे खास आदेश बायनरीत शिरतात आणि दुसऱ्या मशीनवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येतं. लोक मग लायब्ररी तपासत बसतात.

आता सिन्नर. रॉकी ९ ची जीलिबसी २.३४ आहे, त्यामुळे तिथे तुमची बायनरी पहिल्या दारातून आत गेली आणि पुढे अडली. इथे आवृत्ती जुनी-नवी असण्याचा संबंधच नाही. लायब्ररी तीच, फक्त वेगवेगळ्या डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या प्रकारांनी) तिला वेगळे आकडे दिले आहेत. लिबजेपीईजी-टर्बो उबुंटूत लिबजेपीईजी.एसओ.८ नावाने येते. डेबियन, फेडोरा आणि रॉकीत तीच लिबजेपीईजी.एसओ.६२ असते, कारण जुन्या आयजेजी लायब्ररीचा कुठला इंटरफेस द्यायचा याचा निर्णय प्रत्येकाने वेगळा घेतला. मजकुरात नमुने शोधणाऱ्या पीसीआरईचंही तसंच: डेबियन घराण्यात लिबपीसीआरई.एसओ.३, रेड हॅट घराण्यात लिबपीसीआरई.एसओ.१. पासवर्डसाठीची लिबक्रिप्ट रॉकी ९ वर एसओ.२ आहे आणि एसओ.१ हवी असेल तर लिबएक्सक्रिप्ट-कॉम्पॅट हे पॅकेज घालावं लागतं. उबुंटूत अजून एसओ.१ च आहे. फोल्डरही निराळे. डेबियन-उबुंटूत लायब्ररी यूएसआर-लिबच्या आत प्रोसेसरच्या नावाच्या फोल्डरमध्ये, रेड हॅट घराण्यात यूएसआर-लिब६४ मध्ये.

अशा वेळी पहिला मोह सिमलिंकचा होतो: ६२ ला ८ असं नाव द्यायचं आणि पुढे जायचं. एम १० चा बोल्ट आणि एम १० चाच नट असला, तरी एकाचा पिच १.५ आणि दुसऱ्याचा १.२५ असेल तर दोन आटे बसतात आणि मग जोर केला की दोन्ही खराब होतात. लिबजेपीईजीच्या बाबतीत निदान लोडर तरी लगेच ‘लिबजेपीईजी_८.० नॉट फाउंड’ म्हणून अडवतो. शिवाय ही लायब्ररी स्वतःही बोलावणाऱ्याची आवृत्ती आणि स्ट्रक्चरचा आकार तपासते. बऱ्याच लायब्ररी असं काही तपासत नाहीत. त्यांच्यात एखाद्या स्ट्रक्चरमधलं फील्ड चार बाइट सरकलेलं असतं, प्रोग्राम सुरू होतो, आठवडाभर चालतो आणि मग अहवालात भलताच आकडा येतो. म्हणून लायब्ररीच्या मुख्य आकड्यात फरक असेल तर सिमलिंक करू नका, काम कितीही अडलेलं असलं तरी.

त्यापेक्षा या लायब्ररी सोबत न्या. ऑप्टमध्ये तुमच्या प्रोग्रामचा एक फोल्डर करा, त्यात बिन आणि लिब. लिंक करताना रनपाथ (लायब्ररी शोधायची जागा) म्हणून डॉलर-ओरिजिन, मग दोन टिंबं आणि लिब असा पत्ता द्या. ओरिजिन म्हणजे बायनरी जिथे असेल ती जागा, त्यामुळे फोल्डर कुठेही हलवला तरी चालतो. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहा आणि एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल तो गिळून टाकतो. मग रीडएल्फला लहान डी देऊन खात्री करा. इथे नेहमी फसायला होतं ते असं: रनपाथ फक्त त्या फाइलने थेट मागितलेल्या लायब्ररींना लागू होतो. तुमच्या लायब्ररीने आणखी एखादी लायब्ररी मागितली तर तिच्यासाठी तुमचा रनपाथ बघितला जात नाही. जुना आरपाथ मात्र साखळीभर लागू होतो, आणि कोणता टाकायचा हे डिस्ट्रोगणिक लिंकर ठरवतो. यावर सोपा तोडगा म्हणजे सोबत नेलेल्या प्रत्येक एसओ फाइललाही पॅचएल्फने डॉलर-ओरिजिनचा रनपाथ द्यायचा. कोणती फाइल कुठून उचलली गेली ते बघायला एलडी_डीबगला लिब्स ही किंमत देऊन प्रोग्राम चालवा. लोडर शोधाचा प्रत्येक पत्ता छापतो. कुठून तरी आलेल्या अनोळखी बायनरीवर एलडीडी चालवू नका, त्यात तिचा कोड चालू शकतो. तिथे रीडएल्फच वापरा.

सोबत काय न्यायचं नाही? लिबसी, लिबएम, लोडर आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या लायब्ररी. त्या मशीनच्याच वापरायच्या.

सुरक्षित जोडणीची लायब्ररी ओपनएसएसएल हा सगळ्यात नाजूक भाग. सेंटओएस ७ वर ती लिबएसएसएल.एसओ.१०, उबुंटू २०.०४ वर एसओ.१.१, उबुंटू २२.०४ आणि रॉकी ९ वर एसओ.३. ही तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तेव्हा कंटेनरमध्ये ओपनएसएसएल ३ स्वतः बांधा आणि सोबत न्या. तुमची लिबपीक्यू (पोस्टग्रेसशी बोलणारी) आणि लिबकर्लही (एचटीटीपीएसची) त्याच ओपनएसएसएलवर बांधा. नाहीतर एकाच प्रोसेसमध्ये दोन वेगळ्या ओपनएसएसएल चढतात, आणि मग जी एरर येते ती वाचून काहीच उलगडत नाही. हे सगळं नीट जमल्यावर पुढचा फोन येतो: ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’. कारण विश्वासातल्या सर्टिफिकेटांची गठडी कुठे आहे हे ओपनएसएसएलमध्ये बिल्डच्या वेळी कोरलं जातं. डेबियन-उबुंटूत ती ईटीसी-एसएसएल-सर्ट्स मध्ये असते, रेड हॅट घराण्यात ईटीसी-पीकेआय-टीएलएस खाली. प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही जागा तपासा आणि जी सापडेल ती एसएसएल_सर्ट_फाइलमध्ये भरा. व्हेरिफिकेशन बंद करून काम भागवणारे मी पाहिले आहेत. कारखान्याचा उत्पादनाचा आकडा बाहेर जाणार असेल तर ते कधीही करू नका.

आणि एक जबाबदारी तुमच्या अंगावर येते ती ओळखून घ्या. सोबत नेलेल्या ओपनएसएसएलमध्ये सुरक्षेचा दोष निघाला तर ग्राहकाने केलेला सिस्टिम अपडेट तुमच्या फोल्डरला शिवत नाही. नवीन बिल्ड काढून तिन्ही ठिकाणी पोचवणं हे तुमचं काम. करारात ते लिहा आणि त्याचे पैसेही घ्या.

दिंडोरीचं काम लवकर संपतं. अल्पाइनमध्ये जीलिबसी नाहीच, मसल नावाची वेगळी लिबसी आहे. तुमच्या बायनरीत लोडर म्हणून जीलिबसीच्या लोडरचा पत्ता लिहिलेला आहे. तो लोडर त्या कंटेनरमध्ये नाही. कर्नल ‘नो सच फाइल’ म्हणतो ते त्या लोडरबद्दल, आणि शेल मात्र नाव तुमच्या प्रोग्रामचं छापतं. रीडएल्फला लहान एल देऊन इंटरप्रिटरची ओळ वाचा, लगेच दिसेल. अल्पाइनवर जीकॉम्पॅट नावाचं पॅकेज घालून काही प्रोग्राम चालतात, पण ग्राहकाकडच्या कामासाठी मी ते वापरणार नाही. कंटेनर तुमच्याच हातात आहे, तेव्हा त्याची मूळ प्रतिमा डेबियन स्लिम (डेबियनची छोटी प्रतिमा) करा. सातपूरसाठी बांधलेला तोच फोल्डर तिथे चालेल. गेटवेच्या बॉक्सवर जागेची फारच ओढाताण असेल तर अल्पाइनमध्येच वेगळं बिल्ड करा. तसं केलंत तर एक बघा: मसलमध्ये नव्या थ्रेडला मिळणारा स्टॅक फक्त १२८ किलोबाइट असतो, जीलिबसीत तो सहसा ८ मेगाबाइट. फोटोवर प्रक्रिया करणाऱ्या थ्रेडमध्ये मोठा लोकल बफर असेल तर जीलिबसीवर वर्षभर चाललेला कोड तिथे पहिल्याच फोटोला मरतो.

सगळं स्टॅटिक बांधण्याबद्दल विचारलं होतं. जीलिबसी स्टॅटिक जोडली तरी नाव शोधण्याचं काम, म्हणजे होस्टनेम आणि युजरनेम, ती चालू असताना बाहेरच्या लायब्ररी उघडूनच करते, आणि त्या बिल्डच्या वेळच्याच आवृत्तीच्या असाव्या लागतात. लिंकर तसा इशाराही देतो. तुम्हाला डेटाबेस आणि मुख्य कार्यालय दोन्ही नावाने गाठायचे आहेत, तेव्हा हा रस्ता नको. सातपूरला उबुंटू २२.०४ चाच कंटेनर चालवू असंही कुणी सुचवेल. सेंटओएस ७ वर कंटेनर चालवणारा डॉकर जुना असेल तर त्याचा सेककॉम्प फिल्टर (कर्नलला होणारे कॉल गाळणारा) क्लोन३ हा कर्नलचा नवा कॉल नाकारतो, आणि नव्या जीलिबसीला थ्रेडच सुरू करता येत नाही. हा दोष डॉकर २०.१०.१० मध्ये सुधारला आहे. तितका नवा डॉकर तिथे असेल तर जरूर करा.

बाहेर पाठवण्याआधी बिल्ड झालेला फोल्डर सेंटओएस ७, रॉकी ९, उबुंटू २०.०४ आणि डेबियन स्लिमच्या कोऱ्या कंटेनरमध्ये आपोआप चालवून बघणारी एक स्क्रिप्ट लिहा. कोऱ्याच हव्यात, कारण डेव्हलपरच्या मशीनवर सगळंच इन्स्टॉल असतं. नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीतून सिन्नर गाठायचं आणि तिथे एक एसओ फाइल राहिली म्हणून परत फिरायचं, हे त्या स्क्रिप्टने वाचतं.

आता डेटाबेस. पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम स्वतः ठरवत नाही. लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) सी सोडून दुसरं, म्हणजे ईएन_यूएस किंवा ईएन_आयएन असेल, तर मजकुराची तुलना तो सहसा जीलिबसीला विचारतो, आणि मजकुरावरचे इंडेक्स (झटपट शोधासाठीच्या सूची) त्याच क्रमाने डिस्कवर मांडलेले असतात. ऑगस्ट २०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये क्रम ठरवणारी माहिती आमूलाग्र बदलली. सेंटओएस ७ वरचा डेटा फोल्डर, पोस्टग्रेसची मेजर आवृत्ती तीच ठेवून, रॉकी ९ वर कॉपी केलात तर सर्व्हर बिनतक्रार सुरू होईल. इंडेक्स मात्र जुन्या क्रमात रचलेला आणि शोध नव्या क्रमाने. टेबलमध्ये असलेली ओळ ‘नाही’ म्हणून येते. ती नाही असं समजून तुमचा प्रोग्राम तीच नोंद पुन्हा घालतो, आणि युनिक इंडेक्सही तिला आत घेतो. स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (चालू सर्व्हरची सतत प्रत ठेवून) हलवलं तरी हेच होतं.

स्वतः बघायचं असेल तर इंग्रजी आकड्यांत १-१ आणि ११ अशा दोन ओळी ईएन_यूएस.यूटीएफ-८ लावून सॉर्टला द्या. सेंटओएस ७ वर ११ आधी येतो, रॉकी ९ वर १-१ आधी. मधल्या आडव्या रेषेला जुनी जीलिबसी पहिल्या फेरीत मोजत नव्हती, नवी मोजते. आता तुमच्या टेबलमधले पार्ट नंबर आठवा. ऑटो पार्टच्या कारखान्यात आडवी रेष नसलेला पार्ट नंबर शोधून सापडणार नाही. म्हणजे बिघाड नेमका ज्या कॉलमवर सगळे रिपोर्ट उभे आहेत तिथेच होणार.

फोल्डर कॉपी करू नका. पीजी_डम्पने डेटाची प्रत काढा आणि रॉकीवर रिस्टोअर करा. त्यात इंडेक्स नव्या क्रमाने नव्याने बांधले जातात. डेटा इतका मोठा असेल की दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात डम्प बसत नाही, तर फोल्डर हलवा, पण प्रोग्राम बंद ठेवून मजकुरावरचा प्रत्येक इंडेक्स रिइंडेक्स केल्याशिवाय एकही नोंद आत जाऊ देऊ नका. कॉपी आधीच झाली असेल आणि चार दिवस काम चालू असेल, तर एएमचेक एक्स्टेन्शनने कोणते इंडेक्स बिघडले ते काढा. युनिक इंडेक्सवर रिइंडेक्स अडलं तर दुहेरी नोंदी शिरल्या आहेत असं समजा, आणि त्या इंडेक्स न वापरता, पूर्ण टेबल वाचून शोधा. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसच्या कोलेशनची (अक्षरक्रमाची) आवृत्ती नोंदलेली असते आणि ती जुळली नाही तर जोडणी करताना इशारा येतो. त्या इशाऱ्यातच रिफ्रेश कोलेशन व्हर्जन ही कमांड सुचवलेली असते. ती सगळ्यात शेवटी, रिइंडेक्स पूर्ण झाल्यावरच द्या. ती फक्त नोंदलेला आकडा बदलते आणि इशारा बंद करते, इंडेक्सला हातही लावत नाही.